रोव्हियाना येथील कपालगृहें व शिंपल्यांचीं वलयें

पॅसिफिक महासागरांतील सॉलोमन बेटांच्या पश्चिम भागीं न्यू जॉर्जिया नांवाचें बेट असून त्याच्या दक्षिणेस रोव्हियाना हें प्रवाळांनीं वेढलेलें सागरसरोवर आहे. तेथील पितृपूजेच्या स्थानांस ‘होपे’ म्हणतात. जुन्या वस्तूंचा संग्रह करणारांस त्यांपासून कांहीं बोध होण्याजोगा आहे, म्हणून ही हकीकत देतों.

सरदार मृत झाल्यावर कालांतरानें त्याची कवटी काढून घेऊन दगडी चौथऱ्यावरील लहानशा लांकडी गृहांत ठेवीत. युद्धांत आणलेलीं शत्रूंचीं शिरें निराळीं. त्यांची जागा नौकागृहांत असे. या दोहोंची गल्लत करूं नये.

कवट्यांपाशीं शिंपल्यांचीं वलयें वाहात. महाशिंपल्याच्या जाड कवचास मध्यें छिद्र पाडून, दोरीसारखा वेल, वाळू व पाणी यांच्या घर्षणानें तें आंतून कापीत. साध्या वलयास ‘पोआटा’ म्हणत. फार काळ भूमींत राहून अश्मीभूत झालेल्या व पिवळसर डाग चढलेल्या कवचाचें तें ‘बाकिहा’. त्याचें मोल अधिक. विवाह, भरपाई व भूमीचे व्यवहार अशा वलयांनीं होत. पण होपेवर वाहिलेलें वलय व्यवहारांतून निघालें; तें पितरांचें झालें.

या स्थानाचें खरें महत्त्व पुढेंच आहे. अमक्या भूमीवर अमक्या कुळाचे पूर्वज नांदले, याची तें साक्ष देतें. वंशावळ मुखोद्गत असते आणि होपे हा तिचा भूमीवरील आधार. जमिनीच्या वादांत अशीं स्थानें आजहि पुराव्यादाखल दाखवितात. ज्यांच्यापाशीं लेखनकला नव्हती त्यांचें हें दप्तरच म्हणावयाचें.

१८९१ सालीं ‘रॉयलिस्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या लोकांनीं रोव्हियाना येथील गांवें जाळलीं. १९०२ सालीं मेथडिस्ट मिशन आलें. १९०८ सालीं होकार्ट व रिव्हर्स हे विद्वान् त्या प्रदेशांत गेले, तेव्हां जुने विधि जाणणारे लोक हयात होते. जवळच्या सिंबो बेटांतील मृतपूजेवर होकार्ट यांनीं १९२२ सालीं निबंध छापला. सिंहलद्वीपाच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख झालेले ते हेच. त्यांचीं हस्तलिखित टिपणें वेलिंग्टन येथील टर्नबुल ग्रंथालयांत आहेत.

वलयें मात्र जगभरच्या संग्रहांत विखुरलीं. होपेवरून उचललेलें वलय म्हणजे सनदेवरून कापून घेतलेलें मोर्तब. वस्तु हातीं राहते, साक्ष बुडते. म्हणून असें वलय समोर आल्यास तें कोणत्या स्थानावरचें, कोणत्या कुळाचें व कोणीं दिलेलें, हें आधीं विचारावें आणि मिळेल तें उत्तर वस्तूबरोबरच टिपून ठेवावें, असें आम्हांस वाटतें.