वीतभर माणूस, कोसभर माळ

भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा नाहीतर एखादं नाणं ठेवतात. तसं केलं नाही, तर फोटोतला कडा दोन फुटांचा की दोनशे फुटांचा हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मातीला, दगडाला, ओहोळाने कातरलेल्या काठाला स्वतःचं असं माप नसतं. अ‍ॅक्शन फिगरचे फोटो काढणाऱ्यांची सारी करामत याच गोष्टीवर उभी आहे. ते नाण्याच्या जागी प्लॅस्टिकचा सहा इंची माणूस उभा करतात. बघणारा त्याला सहा फुटांचा धरून चालतो आणि मागचं ढेकूळ आपोआप डोंगर होतं.

या कामाला खानदेशातल्या शिरपूरइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, गावाला लागून अरुणावती. सातपुड्याच्या अंगाला काळा बेसॉल्ट, तापीच्या अंगाला खोलवर गाळाची पिवळी माती. जमिनीचा हा दुहेरी स्वभाव ओळखून भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी अडवण्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ उभा केला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. फोटो काढणाऱ्याची नजर मात्र पिवळ्या मातीच्या उभ्या काठांवर असते. पावसाच्या धारांनी या काठांना बोटभर रुंदीच्या घळी पडतात, मधले सुळके उभे राहतात. फोन जमिनीला टेकवून पाहिलं, तर त्या घळीतून घोडदळ जाईल असं वाटतं.

घरच्या गच्चीवर देखावा मांडायचा तर सामान आणखी थोडं लागतं. एक जुनं टेबल, त्यावर चाळलेली माती, मागे निळसर करडा रंग दिलेला पुठ्ठा. कापसाचं पीक निघून गेल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्यांचे शेंडे मोडून रोवले, की वठलेल्या झाडांचं रान तयार. धुरासाठी अगरबत्ती, धुक्यासाठी पिंजून विरळ केलेला कापूस, वावटळीसाठी उन्हाळ्यातल्या रस्त्यावरचा फुफाटा. खानदेशात यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

चाळणी मात्र हवीच. सहा इंची फिगर म्हणजे माणसाच्या एक बारांश माप. एक इंच म्हणजे एक फूट. या हिशेबात वाळूचा दोन मिलिमीटरचा दाणा फोटोत जवळजवळ एका इंचाची खडी होऊन बसतो. नदीतली वाळू तशीच पसरली, तर योद्धा रस्त्याच्या कामावर उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून आधी पिठाच्या चाळणीतून काढलेली माती, तिच्यावर रांगोळीसारखी बारीक पूड, आणि मोठे खडे एकेक निवडून, हाताने, कडेला. माप उघडं पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे झाडाचं पान. पिंपळाचं पान त्या जगात फूटभरापेक्षा कितीतरी मोठं होतं. तुळशीच्या मंजिऱ्या, गवताची तुऱ्यासकट काडी, शेवाळ हे चालून जातं.

मग येतो कॅमेरा. उभ्याने खाली पाहून काढलेला फोटो खेळण्याचाच फोटो राहतो, कारण एरवीही आपण खेळण्याकडे तसंच वरून पाहतो. लेन्स फिगरच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावी लागते, म्हणजे पोटावर पालथं पडणं आलं. फोन उलटा धरला की त्याची लेन्स जमिनीपासून जेमतेम बोटभर वर राहते. ही युक्ती जगभर वापरतात. मोठ्या सेन्सरच्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा इथे साधा फोन एका बाबतीत सरस ठरतो. इतक्या जवळून मोठा कॅमेरा नाकाचा शेंडा स्पष्ट दाखवतो आणि कान धूसर करतो. फोनच्या लहानग्या सेन्सरवर बरीच खोली स्पष्ट उतरते. मागचं सगळं धूसर झालं, की समोरची वस्तू लहान असल्याचा संशय डोळ्याला लगेच येतो.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नवशिक्यांची निम्मी मेहनत इथेच वाया जाते. खोलीतला बल्ब फिगरपासून दोन फुटांवर असतो. त्यामुळे पुढच्या माणसावर लख्ख प्रकाश, फूटभर मागच्यावर अंधार, आणि सावल्या हाताच्या पंजासारख्या फाकलेल्या. सूर्य इतका लांब आहे, की टेबलाच्या या टोकाला आणि त्या टोकाला त्याचा उजेड सारखाच पडतो, सावल्या समांतर पडतात. सावलीची कड जितकी पुसट व्हायला हवी, तितकीच, लहान मापातही त्याच प्रमाणात होते. मॅसॅच्युसेट्समधल्या मायकेल पॉल स्मिथ यांनी याच जोरावर ‘एल्गिन पार्क’ नावाचं गाव उभं केलं. एक चोविसांश मापाच्या मोटारी आणि घरांच्या प्रतिकृती ते टेबलावर मांडून रस्त्याकडेला नेत. मागे खरी झाडं, खरं आकाश, खरं ऊन, आणि हातात साधा डिजिटल कॅमेरा. ते फोटो पाहून लोक ते गाव कुठे आहे असं विचारत.

शिरपुरात हे ऊन सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावरच घ्यावं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला, की गच्चीवर मांडलेल्या फिगरचे घोटे मऊ पडतात आणि ताठ उभा असलेला वीर हळूहळू पुढे झुकतो. पातळ तलवारी तर वाकतातच. पावसाळा संपला, हवा धुऊन निघाली, की पुढचे काही आठवडे सर्वांत चांगले.

वस्तूंकडून अभिनय करवून घेण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत उगवणाऱ्या रोपाची वाढ थांबून थांबून टिपली होती, आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या थोड्या थोड्या हलवत, एकेक चौकट घेत नाचवल्या. काडीला ना चेहरा, ना हात. तरी ती हलते म्हटल्यावर लोक तिच्याकडे टक लावून पाहतात. अ‍ॅक्शन फिगरला निदान कोपर आणि गुडघे असतात.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने रूढ केलं. मुलगे ‘बाहुली’ घ्यायचे नाहीत, म्हणून बारा इंची जी. आय. जो सैनिकाला अ‍ॅक्शन फिगर म्हणायचं ठरलं. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा होऊन परत आला. भारतात हे सैनिक फनस्कूलने काढले. अमेरिकेतल्या मूळ सैनिकांहून वेगळ्या रंगांत निघालेले हे भारतीय सैनिक परदेशातले संग्राहक आजही शोधतात. आपल्याकडे ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं, त्यांच्या माळ्यावरच्या डब्यात एखादा तरी निघतो. त्याची कंबर आणि छाती आतल्या एका रबरी कडीने जोडलेली असते. ती कडी सुकून तुटली, की सैनिक दोन तुकड्यांत हाती येतो. पाठीचा स्क्रू काढून नवी कडी घातली, की तो पुन्हा कामाला लागतो.

फिगर नवी कोरी असणंही अडचणीचंच. २००० मध्ये मारहाणीत जबर जखमी होऊन स्मृती गमावलेल्या मार्क होगनकॅम्प यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या अंगणात ‘मार्वेनकोल’ हे दुसऱ्या महायुद्धातलं गाव बाहुल्यांमधून वसवलं आणि त्याचे फोटो काढले. ते खेळण्यातली जीप रस्त्यावरून ओढत चालायचे. टायर खरेच झिजावेत, एवढ्यासाठी. ते फोटो इतके पटतात, त्यात या झिजलेल्या टायरांचा वाटा मोठा आहे. शिरपूरच्या गच्चीवर हेच काम ओल्या बोटावर घेतलेली पिवळी माती करते. गुडघ्यांवर, टाचांवर, कपड्याच्या घडीत ती चोळून कोरड्या फडक्याने पुसायची. खाचांत उरते तेवढीच पुरते.

उडी मारणारा माणूस बांधकामाच्या बारीक तारेवर टांगतात. फोन न हलवता एक फोटो फिगरसकट, एक रिकाम्या देखाव्याचा, आणि मग दुसऱ्यातला तुकडा पहिल्यावर बसवून तार पुसतात. पाणी मात्र कुणाला दाद देत नाही. थेंब लहान मापात लहान होत नाही, तो आपल्या नेहमीच्या आकाराचाच राहतो आणि फिगरच्या खांद्यावर लिंबाएवढा दिसतो. म्हणून जाणकार नदी दाखवायची झाली तर काच अंथरतात.

परदेशी वीर पुष्कळ झाले. आपल्या मातीतलं काही टिपायचं, तर पोळ्याची मातीची बैलजोडी आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे हाताशी आहेत. त्यांचे सांधे वळत नाहीत आणि मापं एकमेकांशी जुळत नाहीत. एक मावळा चार इंची, दुसरा दोन इंची. हे वैगुण्य उपयोगी पडतं. मोठा मावळा पुढे ठेवायचा, लहान मागे, की तो लांब उभा असलेला दिसतो. पण सपाट मैदानावर, डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं, तर सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजाच्या एकाच रेषेवर येतात, जवळची असोत की लांबची. त्यासाठी लेन्स मोठ्या मावळ्याच्या डोळ्यांशी ठेवायची आणि लहान्याच्या पायाखाली माती चढवत जायची. दोघांचे डोळे एका रेषेत आले, की तेवढ्या दोन हातांच्या टेबलावर त्यांच्यामध्ये अर्ध्या शेताचं अंतर पडतं. चढवलेल्या मातीची कड लपवायला पुढे एक पऱ्हाटीचा शेंडा रोवला, की झालं.