दहा हजारांचा विंचू

चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आणि तीन म्हणजे तीन. इथवर कुणाला काही शिकवावं लागत नाही. पण दहा हजार कसे लिहायचे? तेवढ्या रेघा ओढणं शक्य नाही, आणि दहा हजार ही काही चित्र काढण्यासारखी वस्तूही नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी लेखनिकांनी यावर जी तोड काढली, ती मला लिपीच्या इतिहासातली फार देखणी तोड वाटते. त्यांनी विंचू काढला.

आजच्या हेनान प्रांतात आनयांगजवळ शांग राजवटीची शेवटची राजधानी होती. तिथे बैलांच्या खांद्यांच्या हाडांवर आणि कासवांच्या पोटाकडच्या कवचांवर कोरलेला मजकूर सापडला आहे. राजाने देवांकडे आणि पूर्वजांकडे कौल मागावा आणि तो हाडावर नोंदवून ठेवावा, अशी तिथली रीत होती. इ.स.पूर्व १२००च्या आसपासच्या या नोंदींत हे चिन्ह स्पष्ट ओळखू येतं: वर दोन उघडे चिमटे, मध्ये धड, खाली वळलेली नांगी.

विंचवाचा आणि दहा हजारांचा अर्थाने काहीच संबंध नाही. संबंध आहे तो उच्चाराचा. त्या काळच्या बोलीत दहा हजारांसाठीचा शब्द विंचवाच्या नावाशी जुळणारा होता. म्हणून विंचवाचं चित्र काढायचं आणि वाचताना दहा हजार वाचायचं. सरकारी ‘कर’ लिहिण्यासाठी आपण हाताचं चित्र काढावं, तसा हा प्रकार. लिपी चित्रांपुरती न राहता भाषा लिहू लागते ती अशाच उसनवारीतून.

पुढे उसना अर्थच मूळ अर्थापेक्षा जास्त चालला. सैन्य, धान्य, कर यांच्या हिशेबात दहा हजारांची गरज रोजची, विंचवाची क्वचित. इ.स. १००च्या सुमारास शू शेन या विद्वानाने आपला प्रसिद्ध शब्दकोश पुरा केला. त्यात या चिन्हाचा मूळ अर्थ त्याने ‘एक कीटक’ एवढाच दिला आहे. विंचू लिहायचाच असेल तर याच चिन्हाच्या पायाशी कीटकाचं आणखी एक चिन्ह जोडून निराळं अक्षर करावं लागलं. दरम्यान लिहिता लिहिता वरच्या चिमट्यांचा आकार बदलत गेला आणि ते हुबेहूब गवताच्या चिन्हासारखे दिसू लागले. १७१६ सालच्या कांग्शी कोशात हे अक्षर गवताच्या वर्गातच घातलं आहे. ते शोधायचं तर आजही वनस्पतींच्या नावांमधून वाट काढावी लागते.

या अक्षराची आज दोन रूपं वापरात आहेत. तैवान आणि हाँगकाँगमध्ये बारा-तेरा रेघांचं जुनं, भरगच्च रूप चालतं. चीनमध्ये आणि जपानमध्ये तीन रेघांचं: वर एक आडवी रेघ, तिच्याखाली उजवीकडे जाऊन खाली वळणारी आणि शेवटी आत आकडा घेणारी दुसरी, आणि डावीकडे तिरकी उतरणारी तिसरी. चीनने १९५६च्या सरलीकरण आराखड्यात हे सोपं रूप अधिकृत केलं. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर केलं. पण ते सरकारी समित्यांनी बसून घडवलेलं नाही. दोन हजारांहून अधिक वर्षं ते लिहिणाऱ्यांच्या हातात होतंच.

तिसरं रूपही आहे, आणि ते कुठल्याही मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. ते म्हणजे स्वस्तिक. भारतातून चीनमध्ये गेलेल्या बौद्ध परंपरेत बुद्धाच्या छातीवर हे मंगलचिन्ह असे. चिनी वाचकासमोर प्रश्न आला की याचा उच्चार काय करायचा? चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपदावर बसलेली एकमेव स्त्री म्हणजे वू झेतियन. तिने ६९३ साली ठरवून दिलं की हे चिन्ह ‘वान’ असं, म्हणजे दहा हजारांच्या शब्दासारखं, वाचावं. सगळी मांगल्यं जिथे एकवटली आहेत ते, असा त्यामागचा भाव. जपानी भाषेत स्वस्तिकाला ‘मांजी’ म्हणतात, म्हणजे ‘मान’चं अक्षर. तिथल्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण आजही हीच आहे.

एकाच अक्षराचे उच्चार किती? बीजिंगच्या चिनीत वान. हाँगकाँगच्या कँटनीजमध्ये मान, कोरियनमध्येही मान. व्हिएतनामीत ‘व’ने सुरू होणारा व्हान. जुन्या चिनीत सुरुवातीला ‘म’ होता. तो दक्षिणेत आणि शेजारच्या काही देशांत टिकला, उत्तरेत ओघळून ‘व’ झाला. जपानीत मान आणि बान असे दोन्ही उच्चार नांदतात, कारण चिनी शब्द तिथे वेगवेगळ्या काळात, चीनच्या वेगवेगळ्या भागांतून पोचले. रक्कम सांगताना मान. ‘चिरायु होवो’ म्हणून ‘बान्झाय’ची आरोळी देताना बान. याशिवाय ‘योरोझु’ हा अस्सल जपानी शब्दही याच अक्षराने लिहितात. सगळं काही मिळणारं दुकान म्हणजे ‘योरोझुया’.

आता या अक्षराचं खरं काम पाहू. हजारानंतर आपण दर दोन शून्यांनी नवं नाव देतो: हजार, लाख, कोटी. इंग्रजी मोजणी तीन-तीन शून्यांनी चढते. पूर्व आशियाची मोजणी चढते ती चारांनी. चार शून्यांचा वान, आठ शून्यांचा यी, बारा शून्यांचा झाओ. मधल्या जागा दहा वान, शंभर वान, हजार वान अशा भरायच्या.

पस्तीस लाख ऐंशी हजार ही रक्कम घ्या. उजवीकडून चार अंक सोडून उभी रेघ मारा: ३५८।००००. झाले तीनशे अठ्ठावन्न वान. आपला लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान आणि यी म्हणजे दहा कोटी. भारताची सुमारे १४० कोटी लोकसंख्या चिनी माणूस ‘चौदा यी’ अशी सांगतो. जपानची सुमारे १२ कोटी ४० लाख, ती तिथे ‘एक ओकु दोन हजार चारशे मान’ अशी होते. ओकु म्हणजे तोच यी. अडचण एवढीच, की छापील आकड्यांत स्वल्पविराम मात्र पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीनांवर पडतो आणि तोंडी मोजणी चारांवर. म्हणून जपानी वृत्तपत्रं मोठी रक्कम लिहिताना अंकांच्या मध्येच हे अक्षर घालतात: ३५८, मग मान, मग येन. वाचणाऱ्याला शून्यं मोजत बसावं लागत नाही. जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवरही हेच अक्षर आहे. फक्त त्याच्या आधीचा ‘एक’ साध्या आडव्या रेघेने न लिहिता मुद्दाम अवघड अक्षराने लिहिला आहे. साध्या एकाला रेघ जोडून दोन किंवा तीन करणं फारच सोपं, म्हणून पैशाच्या कागदपत्रांत ही खबरदारी चीनमध्येही घेतात.

व्हिएतनाम या रांगेतून बाजूला झाला. तिथे आज लिपी रोमन आहे आणि व्यवहारात दहा हजारांना ‘दहा हजार’ असंच म्हणतात, आपण म्हणतो तसं. व्हान उरला तो शुभेच्छांत आणि जुन्या शब्दप्रयोगांत. दहा लाखांसाठी त्यांचा शब्द आहे त्र्येऊ, आणि तो म्हणजे बारा शून्यांचा तो झाओच. प्राचीन चीनमध्ये मोठ्या संख्यांच्या एकाहून अधिक पद्धती होत्या आणि एकीत झाओची सहाच शून्यं होती. खुद्द चीनमध्ये संगणकाच्या मेगाबाइटमधल्या ‘मेगा’साठी झाओच वापरतात. तिथे हा शब्द दिसला तर आधी संदर्भ पाहावा.

वानची शून्यं मात्र अशी कधी हलली नाहीत. हलला तो अर्थ. ‘अगणित’, ‘सगळं’, ‘कायमचं’ या साऱ्यांसाठी तो वापरला जातो. वानवू म्हणजे दहा हजार वस्तू, अर्थात सारी सृष्टी. वानस्वे म्हणजे दहा हजार वर्षं, ही सम्राटाच्या आयुष्याची कामना. कोरियाचा राजा चिनी सम्राटाच्या खालचा मानला जाई, म्हणून त्याला हजार वर्षांवर भागवावं लागे. १८९७मध्ये कोरियाने स्वतःला साम्राज्य घोषित केलं तेव्हा दहा हजार वर्षांची ‘मान्से’ त्याच्या वाट्याला आली. १ मार्च १९१९ रोजी जपानी सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कोरियन लोकांची घोषणा हीच होती. बीजिंगच्या थ्येनआनमन दरवाजावर माओच्या तसबिरीच्या दोन्ही बाजूंना जी वाक्यं आहेत, त्या दोन्हींच्या शेवटी वानस्वे आहे.

रोजच्या बोलण्यातही तो येतो. वान आणि एक मिळून झालेला शब्द, म्हणजे दहा हजारांत एखादा, चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांत ‘चुकून माकून’, ‘न जाणो’ अशा अर्थाने रूढ आहे. न जाणो पाऊस आला तर छत्री असू दे, असं सांगताना तो सहज तोंडात येतो. आणि चिनी आई मुलाला ‘किल्ली मुळीच विसरू नकोस’ असं बजावते तेव्हा त्या ‘मुळीच’च्या जागी ती ‘छ्येनवान’ म्हणते. छ्येनवान म्हणजे हजार वान, आपल्या हिशेबाने एक कोटी.