‘प्रतिसरकार’ आणि ‘पत्रीसरकार’ : एका नामांतराचा भाषिक विचार

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, मुंबई प्रांताच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल कागदोपत्री अबाधित असतानाच, १९४३ ते १९४६ या काळात एक पर्यायी राज्यव्यवस्था गावोगाव कार्य करीत होती. तिचा उल्लेख कोठे ‘प्रतिसरकार’ असा, तर कोठे ‘पत्रीसरकार’ असा आढळतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही दोन्ही नावे ‘उर्फ’ या एका अव्ययाने जोडून मोकळे होण्याची प्रथा पडून गेली आहे. पहिले नाव शुद्ध, दुसरे त्याचा खेडवळ अपभ्रंश, एवढाच भेद गृहीत धरला जातो. हे गृहीतक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने टिकणारे नाही, आणि ते स्वीकारल्याने त्या चळवळीसंबंधीचा एक महत्त्वाचा पुरावा आपण हातचा घालवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम पार्श्वभूमी. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा भागही समाविष्ट होता. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. सत्यशोधक चळवळीने शेतकरी समाजात रुजविलेली जागृती आणि १९३० च्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाची आठवण हे या प्रदेशाचे राजकीय भांडवल होते. त्यात युद्धाची महागाई, धान्याची टंचाई आणि काळा बाजार यांची भर पडली. ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ ठरावानंतर येथे तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबर १९४२ रोजी शांततेने पार पडला. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. वडूजला परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. उघड मोर्च्यांचा मार्ग खुंटला, आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नाथाजी लाड, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर आदींनी पुढे जे उभे केले ते प्रतिसरकार. त्याची न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती, अल्प खर्चात लागणारी ‘गांधी लग्ने’ होती. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडवून लुटण्यात आली ती याच कार्याच्या निधीसाठी. १९४६ मध्ये मुंबईत खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यावर भूमिगत नेते प्रकट झाले व हे पर्व संपले.

या हकीकतीत भौगोलिक गुंतागुंत मोठी आहे. जिल्ह्याच्या मुलखात औंध, सांगली, मिरज, जत या संस्थानांची गावे मिसळलेली होती आणि वारणेपलीकडे कोल्हापूर संस्थान होते. चळवळीचे एक प्रमुख केंद्र कुंडल हे औंध संस्थानातील. १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेले स्वराज्याचे संविधान आपल्या प्रजेस दिले होते. इंग्रजी हद्दीतून संस्थानी हद्दीत पाऊल टाकले की पोलिसांचा अधिकार बदले. ‘हद्द’ या शब्दाला येथे जे वजन होते ते अन्यत्र क्वचितच असेल.

आता शब्दाकडे वळू. ‘प्रतिसरकार’ हा संकरज समास आहे. पूर्वपद संस्कृत उपसर्ग, उत्तरपद फारसी. अशी जोडणी मराठीस अपरिचित नाही. ‘अर्धसरकारी’ हा शब्द आपण नित्य वापरतो. महत्त्वाचे आहे ते ‘प्रति’ या उपसर्गाचे द्वैत. ‘प्रतिपक्ष’, ‘प्रतिकार’, ‘प्रतिस्पर्धी’ यांत तो विरोध दाखवितो. ‘प्रतिनिधी’, ‘प्रतिमा’, ‘प्रतिकृती’ यांत तो स्थानापन्नता किंवा सादृश्य दाखवितो. विश्वामित्राच्या ‘प्रतिसृष्टी’त हे दोन्ही अर्थ एकवटतात: ती मूळ सृष्टीला आव्हान देते, आणि तिच्यासारखीच असते. प्रतिसरकारचेही तसेच आहे. ते इंग्रज सरकारच्या विरुद्ध होते; परंतु न्यायनिवाडा, बंदोबस्त, सेना ही सरकारचीच अंगे त्याने धारण केली होती. तुफान सेनेतील पदनामे पाहावीत: बापू लाड ‘फील्ड मार्शल’, रामचंद्र लाड ‘कॅप्टन’. शत्रूच्या फौजेतील हुद्दे उसने घेऊन त्याच शत्रूविरुद्ध उभी राहिलेली ही सेना ‘प्रति’ या उपसर्गाचा जणू प्रत्यक्ष वस्तुपाठ होय. इंग्रजी लेखनावरून अलीकडे रूढ झालेला ‘समांतर सरकार’ हा पर्याय मात्र गैरलागू वाटतो. समांतर रेषा परस्परांस कधी भेटत नाहीत. ही दोन सरकारे प्रत्येक गावच्या चावडीत एकमेकांसमोर उभी होती.

‘प्रति’चे ‘पत्री’ कसे झाले? बोलींचा सामान्य नियम येथे उपयोगी पडत नाही. शब्दारंभीचा ‘प्र’ हा जोडध्वनी आपल्या ग्रामीण बोली स्वरभक्तीने सोडवितात: प्रसाद–परसाद, प्रकार–परकार, प्रधान–परधान, प्रभू–परभू. या नियमाने ‘प्रतिसरकार’चे रूप ‘परतीसरकार’ असे व्हावयास हवे होते. तसे उच्चारण्यास कोणतीही अडचण नाही. ‘पत्री’ व्हावयाचे तर ‘र’ने आपली जागा सोडून ‘त’च्या पुढे जाऊन बसावे लागते. हा वर्णविपर्यय होय. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चे ‘मतबल’ ही त्याची परिचित उदाहरणे. पण वर्णविपर्यय हा नियम नव्हे, तो सुटासुटा, एकेका शब्दात घडतो. शिवाय येथे त्यातून शब्दमध्यात ‘त्र’ हा नवा जोडध्वनी निर्माण झाला. म्हणजे जिभेने सोपी वाट सोडून अवघड वाट धरली. तेव्हा जिभेला तिकडे खेचणारे काहीतरी आधीच भाषेत हजर असले पाहिजे.

ते हजर होते. ‘पत्री’ हा शब्द शेतकऱ्याच्या घरात दोन-तीन अर्थांनी वावरतो. पूजेस वाहावयाची पत्री आणि मसाल्यातील जायपत्री यांचा येथे संबंध नाही. संबंध आहे तो बैलाच्या पत्रीशी. पक्क्या सडकेवर ओझे ओढणाऱ्या बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून त्यांस लोखंडी पत्री मारतात. खूर दुभंगलेला असल्याने एका पायास दोन याप्रमाणे ती बसवावी लागते. वारणाकाठचा गूळ घेऊन शाहूपुरीच्या पेठेत येणाऱ्या गाड्यांचे बैल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको. पत्री मारताना बैलाला दोराने खाली पाडतात, चारही पाय एकत्र बांधतात आणि खूर वर करून खिळे ठोकतात. प्रतिसरकारची खबऱ्यांना, दरोडेखोरांना व गावगुंडांना होणारी शिक्षाही अशीच वर्णिली जाते: माणसाला पाडावयाचे, पाय बांधून वर करावयाचे आणि तळपायांवर काठीचे फटके द्यावयाचे. पाडणे, बांधणे आणि तळवा वर करणे, या तीन क्रियांचे साम्य शेतकऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. ‘त्याला पत्री मारली’ हे रूपक येथून आले. पुढे रूपकाचा विसर पडून तळव्यांत खरोखरच लोखंड ठोकीत असत अशी कथा पसरली. नावानेच हकीकत जन्मास घालावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही लोकव्युत्पत्ती झाली. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाच्या साच्यात बसविण्याची ही प्रवृत्ती आपल्या राजकीय शब्दसंग्रहात जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य आपल्या पूर्वजांच्या तोंडी ‘कुंपणी सरकार’ झाले. ‘कुंपण’ या घरच्या शब्दाचा भास त्यात स्पष्ट आहे. रचनेच्या दृष्टीनेही हा दाखला उद्बोधक आहे. ‘इंग्रज सरकार’, ‘कुंपणी सरकार’ या मालिकेत पूर्वपद स्वतंत्र नाम असते. ‘प्रति’ हा उपसर्ग त्या मालिकेत बसत नाही. ‘पत्री’ हे नाम नेमके बसते.

उलट शंका घेता येईल: मूळ नाव ‘पत्री’ असून सुशिक्षितांनी मागाहून त्याचे ‘प्रति’ असे संस्कृतीकरण केले नसेल कशावरून? तसे असते तर एका शिक्षाप्रकाराला आधीच पडलेले नाव किरकोळ ध्वनिबदलाने नेमके ‘विरोधी व स्थानापन्न’ या अर्थाच्या उपसर्गाशी जुळले, हा योगायोग मान्य करावा लागेल. शिवाय, एखाद्या शिक्षेवरून ती देणाऱ्या टोळीला नाव पडेल, टोपणनावही पडेल. पण तिला ‘सरकार’ म्हणण्याची कल्पना शिक्षेतून निघत नाही. ती ‘प्रतिसरकार’मधूनच आलेली असली पाहिजे. म्हणून ‘प्रति’ आधी, ‘पत्री’ नंतर, हाच क्रम संभवनीय वाटतो.

युद्धकाळातील परक्या सत्तेखालील प्रदेशांत अशी नामनिर्मिती इतरत्रही झाली. नॉर्वेत एप्रिल १९४० मध्ये जर्मन आक्रमणाबरोबर स्वतःचे सरकार घोषित करणाऱ्या क्विस्लिंगचे आडनाव अल्पावधीत ‘देशद्रोही’ या अर्थी सामान्यनाम बनले. फ्रान्समधील भूमिगतांना ‘माकी’ हे नाव मिळाले ते कॉर्सिकातील दाट झुडुपी रानावरून, म्हणजे लपण्याच्या जागेवरून. आपल्याकडे बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात १७ डिसेंबर १९४२ रोजी ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ स्थापन झाले. (बंगालीत ‘जातीय’ म्हणजे ‘राष्ट्रीय’, मराठी वाचकाने दचकू नये.) त्या नावात प्राचीन बंदराचे वैभव जागविण्याची इच्छा दिसते. साताऱ्याच्या जनतेने मात्र आपल्या सरकारची ओळख त्याच्या शिक्षेवरून ठेवली. नॉर्वेची भारताशी तुलना राज्यशास्त्रदृष्ट्या सदोष आहे, हे खरे. तेथे स्वारी नवी होती, येथे राज्य शतकाहून अधिक जुने. परंतु परकी सत्ता गावात टिकते ती स्थानिक माणसाच्या साहाय्याने, आणि असंतोषाचा पहिला आघात त्या माणसावरच होतो, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे. ‘पत्री’ हा शब्द त्या आघाताची नोंद आहे.

म्हणून ‘पत्री’ला अपभ्रंश ठरवून सुधारणे हे केवळ लेखनशुद्धीचे काम राहत नाही. विरोधकांनी हे नाव हेटाळणीने वापरले. अनेक गावांनी तेच धाकयुक्त आदराने आपले मानले. आणि ज्याच्या तळव्यांवर फटके बसले त्याच्या घरात त्याचा तिसराच अर्थ असणार. यांपैकी काही खबरे खरोखरीचे असतील, काहींवर भाऊबंदकीतून आळ आला असेल. ‘प्रतिसरकार’ स्थापन होते, चालते, निवाडा देते. ‘पत्री’ मारली जाते. एका शब्दाबरोबर येणारी क्रियापदे दुसऱ्याबरोबर येत नाहीत, आणि कर्ता-कर्म यांची अदलाबदलही त्यामुळेच होते.

प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी आता सरली आहे. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा २०१२ मध्ये आणि कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ मध्ये निवर्तले. हाती आहेत त्या ध्वनिमुद्रित मुलाखती, आणि दुसऱ्या पिढीने ऐकलेल्या आठवणी. त्यांचे लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थ्यांनी निवेदक जेथे ‘प्रति’ म्हणतो तेथे ‘प्रति’, ‘परती’ म्हणतो तेथे ‘परती’ आणि ‘पत्री’ म्हणतो तेथे ‘पत्री’ असेच लिहावे. एकाच निवेदकाने एकाच बैठकीत दोन रूपे वापरली तर ती कोणत्या वाक्यात, कोणत्या क्रियापदाबरोबर आली ते समासात नोंदवावे. वाळवा, तासगाव, खानापूर आणि कऱ्हाड या तालुक्यांची सामग्री स्वतंत्र ठेवावी, आणि वारणेच्या अलीकडील कोल्हापुरी गावांतील उच्चार त्यांत मिसळू नयेत.