ग्रामीण प्राथमिक शाळेतील वर्षअखेरचे उपक्रम आणि समाजबांधणी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

शाळा ही केवळ पाठ्यपुस्तकातील आशय शिकविणारी संस्था नसून ती समाजजीवनाचे एक लहान रूप असते, हा विचार जॉन ड्युई यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द स्कूल अँड सोसायटी' या ग्रंथात विस्ताराने मांडला. ग्रामीण महाराष्ट्रात या विचाराचा प्रत्यय शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस विशेषत्वाने येतो. स्नेहसंमेलन, बाल आनंद मेळावा, निरोप समारंभ, निकालवाचन आणि नव्या बालकांची पटनोंदणी या उपक्रमांच्या निमित्ताने एरवी शाळेच्या फाटकाबाहेर राहणारे गाव शाळेच्या आवारात येते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील ग्रामीण प्राथमिक शाळांच्या संदर्भात या उपक्रमांचे स्वरूप, त्यांचे सामाजिक कार्य आणि त्यांतील उणिवा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीत खेड्यापाड्यांत शाळांचे प्रमाण अल्प होते आणि शासनव्यवहारात व वरच्या शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम हे नऊ तालुके राहिले. यांतील बहुतांश खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा हीच शिक्षणाची पहिली पायरी होय.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करणे आवश्यक ठरले. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. म्हणजेच समाजाचा सहभाग हा आता केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नसून तो कायद्याचा भाग आहे. तथापि, कागदावरील समिती आणि प्रत्यक्ष सहभाग यांत अंतर असू शकते. ते कमी करण्याची संधी वर्षअखेरच्या उपक्रमांतून मिळते.

वर्षअखेर आणि गावाचे वेळापत्रक

शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचा संबंध लक्षात घेतल्याशिवाय या उपक्रमांचे महत्त्व कळत नाही. जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची, तर ज्वारी व हरभरा ही रब्बीची प्रमुख पिके होत. रब्बीची सुगी साधारणतः मार्चपर्यंत आटोपते. त्यानंतर शेतकामाचा ताण काहीसा कमी होतो; गावोगावच्या जत्रा आणि लग्नसराई सुरू होते. उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जात असल्याने शाळाही सकाळच्या सत्रात भरतात.

याहून महत्त्वाची बाब ऊसतोडणीची होय. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, गावी परततात. त्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची, तर सोबत नेलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय करण्यात आली. तरीही जी मुले कोपीवर राहतात, त्यांचे दुसरे सत्र बव्हंशी बुडते.

अनेक शाळांत स्नेहसंमेलन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास होते. त्या वेळी ही कुटुंबे गावात नसतात. साहजिकच रंगमंचावर त्यांची मुले नसतात आणि प्रेक्षकांत त्यांचे पालकही नसतात. समाजबांधणीचा हेतू धरून केलेला कार्यक्रम अशा वेळी गावातील सर्वांत दुर्बळ घटकाला वगळूनच पार पडतो. यास्तव एखादा प्रमुख उपक्रम गुढीपाडव्यानंतर ठेवणे, हा केवळ सोयीचा नव्हे तर सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

उपक्रमांचे स्वरूप व कार्य

१) स्नेहसंमेलन : लेझीम, भारूड, गवळण, पोवाडा अशा प्रकारांतून मुलांची सभाधीटता वाढते. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी होय. जात्यावरच्या ओव्यांची परंपरा ज्यांच्या कंठात आहे, अशा आज्या व माता आजही या भागात आहेत. त्यांना मंचावर बोलावून मुलांसमवेत ओव्या म्हणावयास लावल्यास अक्षरओळख नसलेली स्त्रीसुद्धा शाळेत ज्ञान देणारी व्यक्ती म्हणून उभी राहते. मुलाच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल मोठे आहे.

२) बाल आनंद मेळावा : मुले घरून भेळ, धपाटे, उसळ, सरबत आणून विकतात. भांडवल, विक्री, सुटे पैसे, नफा-तोटा यांचा हिशेब ती स्वतः ठेवतात. गणिताचे व्यवहारज्ञान आणि गावाची शाळेत ये-जा, हे दोन्ही हेतू यातून साधतात.

३) निरोप समारंभ : वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेतील मुलाला पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर, अंतराच्या भीतीने मुलींचे शिक्षण थांबण्याचा धोका याच टप्प्यावर असतो. त्यामुळे निरोप केवळ भाषणांपुरता न ठेवता मुले व पालक यांना पुढच्या शाळेत नेऊन तेथील शिक्षकांची ओळख करून देणे आणि सोबतीने जाणाऱ्या मुलींचा गट ठरविणे अधिक उपयुक्त ठरते.

४) निकाल : महाराष्ट्र दिनी ध्वजवंदनानंतर निकाल सांगण्याची प्रथा रूढ आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती आली व प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी होऊ लागल्या. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षाही पुन्हा सुरू झाली. या नोंदींचा अर्थ पालकांना समजावून सांगितला तरच त्यांचा उपयोग होतो. १ मे रोजी ग्रामसभाही भरविली जात असल्याने शाळेचा पट, उपस्थिती व जमाखर्च त्याच दिवशी गावापुढे वाचून दाखविता येतो.

५) पटनोंदणी व शाळापूर्व तयारी : 'गुढीपाडवा, पट वाढवा' या मोहिमेतून शिक्षक घरोघर जातात. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात दाखलपात्र बालकांचे मेळावे घेण्यात येऊ लागले व माता-पालकांचे गट तयार करण्यात आले. जुन्यांचा निरोप आणि नव्यांचे स्वागत एकाच ऋतूत होणे, हे गावाच्या दृष्टीने सातत्याचे द्योतक आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार शासनस्तरावर पुढे आला. या पार्श्वभूमीवर लहान गावाच्या शाळेचे अस्तित्व गावकऱ्यांच्या विश्वासावर अवलंबून आहे, हे स्पष्ट होते.

उणिवा व उपाय

या उपक्रमांत काही दोषही दिसून येतात. लोकवर्गणी देणाऱ्यांची नावे रकमेसह ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. त्यामुळे देणगी मिळते, परंतु ज्याच्याजवळ काही नाही तो पालक मागे सरकतो. यावर उपाय म्हणून श्रमदानाची, उसनी दिलेल्या बैलगाडीची वा सारवलेल्या मंचाची नोंदही पैशाच्याच मानाने व्हावी. भाड्याच्या पोशाखाचा खर्च न झेपल्याने मूल नाचातून वगळले जाणे टाळण्यासाठी घरातील साधा पोशाख पुरेसा मानावा. पाहुण्यांचा शाल-श्रीफळाचा सत्कार आटोपशीर असावा व प्रत्येक मुलाला मंचावर किमान एक संधी मिळावी.

वेळेचे नियोजनही महत्त्वाचे आहे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानुसार एप्रिलच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत घेण्यात आल्या. अशा स्थितीत परीक्षा व निकाल यांमध्ये मोजकेच दिवस उरतात. त्यामुळे मेळावा मार्चअखेरीस, स्थलांतरित कुटुंबे परतल्यानंतरचे स्नेहसंमेलन गुढीपाडव्याच्या पुढे सायंकाळी आणि निकाल व हिशेबवाचन १ मे रोजी, अशी विभागणी शाळा व्यवस्थापन समितीने जानेवारीतच ठरविणे हितावह होईल.

समारोप

वर्षअखेरचे उपक्रम हे अभ्यासाला जोडलेले मनोरंजन नव्हे; शाळा कोणाची आहे, याचे उत्तर गाव त्यांतून दरवर्षी नव्याने देत असते. परभणी जिल्ह्यासारख्या शेती व स्थलांतर यांवर जगणाऱ्या प्रदेशात या उपक्रमांची कसोटी मंडपाच्या सजावटीवर ठरू नये. ऊसतोडीहून परतलेले मूल त्यात उभे होते काय, त्याची आई समोर बसली होती काय आणि चौथी उत्तीर्ण झालेली मुलगी जूनमध्ये पाचवीच्या वर्गात हजर झाली काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्यांचे यश मोजले जावे.