हजेरी, गलाई आणि स्वतंत्रपूर

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाची उत्तरं पारावर तयारच असतात: जातच तशी, पोटासाठी केलं, आता सुधारायचा नाही. समाजशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत ही उत्तरं एकेक करून तपासली. त्या तपासणीतली बहुतेक उदाहरणं परदेशी शहरांतली आहेत, पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातही पुरावा कमी नाही.

‘काही जातींच्या रक्तातच चोरी असते’

हा समज लोकांनी नुसता बाळगला नाही, इंग्रज सरकारने त्याचा कायदाच केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, अशा युक्तिवादावर १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. नोंद झालेल्या जमातींतल्या माणसांना पोलिसांकडे ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. यात कोणी काय केलं हा प्रश्नच नव्हता. जन्म पुरेसा होता.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ही हजेरी ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत मांडली. दुष्काळात माणसं उपाशी मरताना पाहून फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो, पण त्याआधीपासूनच त्याची सारी जमात संशयित ठरलेली असते. आता हजेरीमुळे काय होतं ते पाहा. ज्याला रोज पोलिसांपुढे उभं राहायचं आहे, त्याला दूरच्या गावी मजुरी मिळत नाही. चोरी कुठेही झाली तरी झडती त्याच्या पालावर येते, म्हणून गाव त्याला जवळ करत नाही. सरळ वाटा अशा बंद झाल्या की उरते ती आडवाट, आणि त्याने ती धरली की सरकार म्हणतं, बघा, आम्ही म्हणालोच होतो! हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली शिक्क्याचा सिद्धान्त मांडला, त्याचं सार हेच आहे: माणसावर शिक्का मारला की त्याचं पुढचं आयुष्य त्या शिक्क्याभोवती फिरू लागतं.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) कैकाडी समाजाचं जे जिणं सांगतं, ते वाचलं की हे कळतं. आजही कुठे दरोडा पडला की पारध्यांच्या पालांकडे आधी बोट जातं. मला हा आपल्या समाजाचाच गुन्हा वाटतो.

‘गरिबी माणसाला गुन्हेगार बनवते’

मग खानापूर-आटपाडीत काय व्हायला हवं होतं? पर्जन्यछायेतला भाग, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम करत ती देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली. घरी पाण्याची मारामार आणि हातात दुसऱ्याचं सोनं; तरी सारा व्यवसाय उभा राहिला तो विश्वासावर.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ साली याचं एक स्पष्टीकरण दिलं. नुसत्या टंचाईने गुन्हा होत नाही. समाज सगळ्यांपुढे एकच स्वप्न ठेवतो, पैसा आणि प्रतिष्ठा, पण तिथवर जाण्याची रीतसर वाट सगळ्यांना देत नाही. ताण तिथे निर्माण होतो. गलाईवाल्यांना वाट होती. आधी गेलेला चुलता किंवा मामा पुतण्या-भाच्याला दुकानावर नेई, काम शिकवी. एडविन सदरलँड या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की गुन्हासुद्धा असाच शिकला जातो, जवळच्या माणसांकडून: हातोटीही आणि ‘यात काय चुकलं?’ हे समर्थनही. मामा हातभट्टी चालवत असेल, तर भाचा दुसरं काय शिकेल?

प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांना ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ असं नाव पाडणाराही हाच सदरलँड. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले आणि एका होमिओपॅथी डॉक्टरला अटक झाली. मुलगी नको म्हणून गर्भपात करायचा तर पैसे मोजावे लागतात, एजंट लागतो, डॉक्टर लागतो आणि सारं माहीत असून गप्प बसणारे नातेवाईक लागतात. यातलं काहीही गरिबीने समजावता येत नाही. मुलगा हवाच, या सर्वमान्य हट्टाने मात्र येतं.

‘गुन्हा म्हणजे गुन्हा, त्यात मतभेद कसला?’

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. सरकारदप्तरी तो दरोडा. कुंडलच्या परिसरात ती स्वातंत्र्यासाठी उभारलेली रक्कम. ही लूट करणारं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार स्वतः मात्र दरोडेखोरांना शिक्षा करत होतं, गावोगावी न्यायनिवाडे करत होतं. कोणती कृती गुन्हा ठरते हे, ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरही अवलंबून असतं.

‘एकदा गुन्हेगार तो कायमचा गुन्हेगार’

याला सर्वांत ठोस उत्तर आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी इथे तटबंदीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. शेजारच्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट काढला.

ट्रॅव्हिस हर्शी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रश्न उलटा विचारला: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? त्याचं उत्तर होतं, नात्यांचे बंध. घर, काम, आपल्यावर कोणाचा तरी जीव आहे ही जाणीव. स्वतंत्रपुरात हे ३० वर्षं आधी करून पाहिलं होतं.

कारणं सांगणं म्हणजे पाठीशी घालणं, असा आक्षेप इथे हमखास येतो. स्वतंत्रपूरला आला म्हणून कैद्याची शिक्षा संपत नव्हती. तो ती भोगतच होता, फक्त कोठडीऐवजी शेतात आणि आपल्या माणसांत.