एकेक कडी पुढे

न्यूझीलंडच्या 1978 च्या कुंपण कायद्याला एक परिशिष्ट आहे. दोन शेजाऱ्यांनी कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा सोसायचा, तर आधी कुंपण कशाला म्हणायचं हे ठरायला हवं, म्हणून त्यात नमुने दिले आहेत. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला ते वाचून हेवा वाटतो. शेतावरच्या कुंपणाचा एक नमुना सात-आठ तारांचा आहे. खांब कशाचे हवेत, जास्तीत जास्त किती अंतरावर हवेत, ते कसे ठोकायचे, हे सगळं लिहिलेलं आहे. तारा मात्र नीट ताणलेल्या असाव्यात, एवढंच. नीट म्हणजे किती, याचा आकडा नाही.

हा न दिलेला आकडा गाठण्यासाठी त्या देशातले शेतकरी शंभर वर्षं जे अवजार वापरत आले आहेत, त्याचा मूळ कारखाना मला पाहायला मिळाला. मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. दक्षिण बेटावरची एक जुनी रेल्वे बंद पडली, रूळ उखडले गेले आणि त्या वाटेची दीडशे किलोमीटरची सायकलवाट झाली. संपादकांना तिच्यावर सहलीचा लेख हवा होता. वाटेत आयडा खोऱ्यात ओटुरेहुआ नावाचं इवलंसं गाव लागतं. गावाजवळ मातीच्या विटांच्या, पत्र्याच्या छपरांच्या काही इमारती आणि बाहेर उंच पवनचक्की. आत डोकावलो आणि सहलीचा लेख मागे पडला.

अधिकृत इतिहास दाराशीच फलकावर वाचायला मिळतो. अर्नेस्ट हेज यांचा जन्म 1851 चा, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरचा. पत्नी हॅना यांना घेऊन ते 1882 मध्ये न्यूझीलंडला आले आणि या भागात पिठाची गिरणी चालवू लागले. त्या काळी या ओटॅगो भागात सशांनी उच्छाद मांडला होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनीच आणून सोडलेले ससे मेंढ्यांच्या तोंडचं गवत फस्त करत होते. सरकारला 1876 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सशांना विषारी आमिष घालायचं, तर त्याचे तुकडे एकसारखे हवेत. हेज यांनी 1895 मध्ये ते कापण्याचं साधन बनवलं आणि तिथून शेतीच्या अवजारांचा धंदा सुरू झाला. विक्रीची बाजू हॅना यांनी उचलली. त्या सायकलवरून दूरदूरच्या मेंढपाळांच्या वाड्यांवर जात, अवजारं दाखवत आणि मागण्या लिहून आणत. ज्या मुलखात आज आम्ही गिअरच्या सायकलींवर धापा टाकतो, तिथे ही बाई लांब झग्यात ऑर्डरी गोळा करत हिंडत होती.

मराठी माणसाला इथे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांची सुरुवात बेळगावच्या सायकल दुकानापासून झाली. मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते. औंध संस्थानातल्या माळरानावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्याच साली ओटुरेहुआच्या माळावर हेज यांनी कारखान्याची यंत्रं फिरवायला पवनचक्की उभी केली. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण शेतकऱ्याची अडचण जवळून पाहायची आणि तिच्यावर लोखंडात उत्तर शोधायचं, ही रीत एकच.

वारा पडला की काम थांबे. म्हणून 1927 मध्ये पवनचक्कीच्या जागी पाण्यावर चालणारं पेल्टन चाक आलं. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या टाटांच्या वीजघरांत फिरतं त्या जातीचं, आकाराने अर्थात त्यांच्यापुढे खेळणं. चाकाची गती छताखालच्या लांब शाफ्टला जाते, शाफ्टवरच्या पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात आणि एकेका यंत्राला फिरवतात. लेथ, छिद्रं पाडायचं यंत्र, सहाण, सगळं एकाच शाफ्टच्या जिवावर. कारखाना 1952 मध्ये ख्राइस्टचर्चला हलला. मागे राहिलेल्या इमारती 1975 मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेने घेतल्या. आता काही ठरावीक दिवशी पट्टे चढवून यंत्रं फिरवून दाखवतात.

मी गेलो तेव्हा यंत्रं बंद होती. दाखवायला होते एक वयस्कर गृहस्थ. तरुणपणी त्यांनी कुंपणं घालण्याची कंत्राटं घेतली होती. इमारतींबद्दल ते पाठ केल्यासारखं बोलले. भिंतीवरून तार ताणायचं अवजार उतरवलं, तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

हेज यांनी तार ताणण्याच्या साधनांत बरेच प्रयोग केले. त्यातलं 1924 चं सर्वांत गाजलं. या घराण्याची अवजारं आजही बनतात आणि परदेशी जातात. दिसायला त्यात काही नाही. हातभर-दीड हात साखळी, दोन जबडे आणि एक दांडा. पण ते हातात घेऊन पाहण्यासारखं आहे.

आधी जबडा. दोन लोखंडी पात्यांच्या फटीत तार सरकवायची. एक पातं खिळीवर तिरकं फिरतं. तारेने मागे जायला ओढ घेतली की तेच पातं आणखी घट्ट आवळतं. जितकी ओढ जास्त, तितकी पकड पक्की. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. सोडायचं झालं तर आधी ओढ कमी करावी लागते. तोवर जबडा तार सोडत नाही. जुन्या जबड्यांची एक खोड म्हणजे तारेवर दात उमटत. जस्ताचा मुलामा खरवडला गेला की तिथूनच गंज धरतो. म्हणून गृहस्थांनी मला जबड्याची आतली बाजू बोटाने चाचपायला लावली. गुळगुळीत होती.

मग दांडा. त्याला दोन आकडे आहेत, टेकूच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. दांडा डावीकडे लोटला की एक आकडा साखळीची कडी ओढून आणतो. तेवढ्यात दुसऱ्यावरचा भार जातो आणि तो पुढच्या कडीत जाऊन बसतो. दांडा उजवीकडे लोटला की दुसरा ओढतो आणि पहिला पुढे सरकतो. साखळी अशी एकेक कडी पुढे येते. दोन्ही आकडे एकाच वेळी सुटलेत असा क्षण नसतो. दांडा हातभर लांब आणि आकडे टेकूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, त्यामुळे हाताचा जोर दहा-पंधरा पट होतो. पण मला त्या जोरापेक्षा धरून ठेवणंच मोठं वाटलं. मध्येच हात सोडून घाम पुसला तरी कमावलेली एकही कडी परत जात नाही.

आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी तारेचा फेरा पहारीला देतात, पहारीचं टोक खांबाला टेकवतात आणि एक जण लोंबकळतो. दुसऱ्याने तेवढ्यात खिळा ठोकायचा किंवा पीळ मारायचा. ओढायला पहारही पुष्कळ ओढते. अडतं ते धरून ठेवण्यात. लोंबकळणाऱ्याला शिंक आली की मेहनत वाया. साखळीवाल्या अवजाराने एकटा माणूस निवांत तार ताणू शकतो. साखळी कोपऱ्याच्या खांबाला गुंडाळून तार खांबाकडे खेचायची, किंवा मधोमध तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन जबड्यांत धरून एकमेकांजवळ आणायची. टोकं जवळ आली की मधल्या ढिल्या भागात गाठ मारायची. गाठ बसताना थोडी सरकते, म्हणून आधी एखादी कडी जास्त घ्यायची. मग आकडे एकेक करून सोडायचे आणि अवजार काढून पुढच्या तारेला लावायचं.

एवढं सोपं असेल, तर आपल्या माळांवर काटेरी तारांच्या झोळ्या का लोंबतात? मी हे विचारलं आणि गृहस्थ खुलले. पुढचा सगळा वेळ अडचणींचा.

पहिली अडचण खांबांची. टोकाला तार ताणली, पण मधल्या प्रत्येक खांबावर ती आधीच खिळ्याने दाबून किंवा बारीक तारेने करकचून बांधली असेल, तर ताण पहिल्या दोन-चार खांबांतच संपतो. खिळा पूर्ण ठोकायचा नाही, तार आतून सरकायला हवी. आपले कारागीर लोखंडी अँगलला तार आधी आवळतात आणि मग ताणायला घेतात. ती पुढे जाणार कशी?

दुसरी अडचण कोपऱ्याची. एका तारेवर दीडशे किलोच्या आसपास ताण धरला, तर आठ तारा मिळून कोपऱ्याच्या खांबाला बाराशे किलोने ओढतात, आणि रात्रंदिवस ओढतात. खांब तसूभर झुकला की आठही तारा एकदम ढिल्या. मग लोक अवजार आणून पुन्हा ताणतात आणि खांब आणखी झुकतो. गृहस्थांच्या हिशेबात कुंपणाच्या कामातला निम्मा घाम कोपऱ्याचा खड्डा खणण्यात, माती थराथराने ठोकण्यात आणि तिरका टेकू बसवण्यात जायला हवा. तार ताणणं हे शेवटचं आणि सर्वांत हलकं काम.

तिसरी अडचण हवामानाची. ओटुरेहुआजवळच्या रॅनफर्लीला 1903 मध्ये पारा उणे 25.6 अंशांवर गेला होता. न्यूझीलंडमधली ती नीचांकी नोंद. आपल्याला इतक्या लांब जायला नको. निफाडचा जानेवारीतला पारा आणि मेमधला पारा यांत चाळीस अंशांच्या आसपास फरक पडतो. पोलाद अंशागणिक लाखाला सव्वा भाग फुगतं-आकसतं. दोनशे मीटर तारेत चाळीस अंशांनी साडेनऊ-दहा सेंटीमीटर फरक होतो. खांब हललेच नाहीत असं धरलं, तर 4 मिलिमीटर जाडीच्या तारेत या आकसण्याने सव्वाशे किलोच्या आसपास ताण वाढतो. म्हणजे मे महिन्यात दीडशे किलोवर ताणलेली तार जानेवारीत पावणेतीनशेला जाते आणि कोपऱ्याचा खांब उपटायला बघते. थंडीत दीडशेवर ताणलेली मेमध्ये पंचवीस-तीसवर येते, आणि तिच्यातून रानडुक्कर सहज घुसतं. अडीच मिलिमीटरच्या कणखर पोलादी तारेत हाच फरक पन्नास किलोच्या आत राहतो. न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांची लाडकी 4 मिलिमीटरची 'नंबर आठ' तार मागे पडली, त्याचं एक कारण हेही. आपल्याकडे मात्र जाड तार म्हणजे मजबूत कुंपण हे गणित अजून सुटलेलं नाही.

चौथी अडचण जिवाची. ताणलेली तार तुटली तर ती चाबकासारखी परत येते. दांडा हलवताना तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही, खांबाच्या आडोशाला राहायचं आणि डोळ्यांवर चष्मा हवा. हे सांगताना त्यांनी डाव्या भुवईवरचा व्रण दाखवला आणि विषय बदलला.

पाचवी अडचण ताणाच्या आकड्याची. हे अवजार ओढतं आणि धरतं, पण किती ताणलं ते सांगत नाही. ते ओळखायची त्यांची युक्ती शाळेतल्या भौतिकशास्त्राची आहे. चार मीटर अंतरावरच्या दोन खांबांच्या मध्यावर 5 किलो वजन टांगायचं. तारेवर दीडशे किलो ताण असेल, तर ती तीन सेंटीमीटरच्या थोडी पुढे लवते. सहा-सात सेंटीमीटर लवली, तर ताण निम्माच आहे. शेजारी तक्रार घेऊन आला की ते वजन आणि पट्टी घेऊन बांधावर जात.

आता तिथेही ताण जोखायची ही नजर कमी होत चालली आहे. हॅमिल्टनच्या बिल गॅलघर यांनी 1930 च्या दशकात विजेच्या कुंपणावर काम सुरू केलं. पुढे तो देश या तंत्रात जगात आघाडीवर गेला. आपल्याकडच्या झटका मशीनचं कूळ तेच. विजेची तार जनावराला अडवत नाही, भीती घालते. तिला फार ताण लागत नाही. खांब कमी, खर्च कमी, कोपरा दुबळा असला तरी चालतो. पण ढगाळ हवेत बॅटरी उतरली किंवा गवत वाढून तारेला टेकलं की उरते फक्त एक ढिली तार. झटक्याच्या भरवशावर ताणण्याची कला विसरणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे अवजाराची वानवा नाही. द्राक्षाच्या मांडवावर तारा ताणायला नाशिककडचे बागाईतदार दातेरी चाकाचे टायटनर सर्रास वापरतात, आणि मांडव ढिला पडला तर घड कुठे जातात हे त्यांना कुणी शिकवायला नको. तीच दक्षता बांधावरच्या कुंपणाला मिळत नाही, कारण कुंपणवाला फुटावर पैसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला असतो. त्याने खड्डा किती खोल खणला हे मातीखाली गेलं, तार किती ताणली हे डोळ्यांना दिसत नाही, आणि दोन्ही कळेपर्यंत एक हंगाम उलटतो. म्हणून कुंपण घालून घेणाऱ्यांना एकच सांगणं: मजुरीचा दहावा हिस्सा हातचा राखून ठेवा आणि तारेने एक मे व एक जानेवारी पाहिल्यावरच द्या. व्यवहार आधीच तोंडावर ठरवला, तर कारागीरही कोपऱ्याचा खड्डा हातभर जास्त खणेल.