भिंतीला भोक नाही, तरी लाकडाचे अस्तर
भाड्याच्या गॅलरीत सुतार बांधवांसाठी कामाची वाट

तासगावसारख्या तालुक्याच्या गावीही जुन्या वाड्यांच्या जागी स्लॅबच्या इमारती उभ्या राहिल्या आणि भाड्याच्या घराला चार फुटांची गॅलरी आली. त्या गॅलरीची भिंत पोपडे सुटलेली, ओलीचे डाग पडलेली असते. भाडेकरूला ती लाकडाने झाकावीशी वाटते, पण घरमालक पहिल्याच दिवशी बजावतो, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." भाडेकरू गप्प बसतो आणि सुताराचे काम बुडते. आमचे म्हणणे असे की, या अटीत राहूनही काम होते, आणि ते आपल्या कारागिरांनी शिकून घ्यावे.

आम्ही कापडवाले. भाड्याच्या गाळ्यात ताग्यांच्या मांडण्या भिंतीला न ठोकता स्वतःच्या पायावर उभ्या करण्याची रीत आमच्या धंद्यात जुनी आहे. गाळा सोडला की मांडणी सुटी करून टेम्पोत घालायची. गॅलरीच्या भिंतीलाही हाच न्याय लावावा. कपड्याला अस्तर असते तसे भिंतीला लाकडाचे अस्तर: जवळ असावे, पण चिकटलेले नसावे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम करणे हे कलम १६ प्रमाणे घर खाली करून घेण्याचे एक कारण ठरते. मात्र पालिकेची परवानगी लागत असल्यास ती घेऊन केलेले लाकडी पार्टिशन कायम बांधकामात धरू नये, असा खुलासा त्याच कलमात आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ भाडेकरूला स्वतः बसवलेली वस्तू काढून नेऊ देते. अट एवढीच की जागा घेतली तशी परत द्यावी. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी भिंतीचे फोटो काढावेत आणि मालकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी. पुढे अनामत रकमेवरून होणारी कटकट त्या चिठ्ठीने टळते. भाड्याची जागा ही शेवटी अमानतच आहे.

काम कसे करावे?

पहिला प्रकार उभ्या चौकटीचा. आठ फूट रुंद, सहा फूट उंच भिंतीला बारा मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या लावल्या, तर नुसत्या फळ्यांचे वजन सुमारे ३५ किलो होते. एवढा भार उभा राहायचा तर खाली बूड हवे. चौकटीच्या पायथ्याशी फूटभर रुंदीची पेटी जोडावी आणि तीत कुंड्या किंवा विटा ठेवाव्यात. बसायला बाकही होतो.

दुसरा प्रकार दाबाचा. वर स्लॅब असेल तर तीन बाय दोन इंचाचे उभे खांब उंचीपेक्षा थोडे कमी कापावेत. वर-खाली रबराचा तुकडा द्यावा आणि तळाशी समोरासमोर दोन पाचरी मारून खांब घट्ट करावेत. फळ्या या खांबांना स्क्रूने बसवाव्यात. लाकूड उन्हाळ्यात आकसते, तेव्हा पाचरी पुन्हा ठोकून पाहाव्यात.

दोन्ही प्रकारांत चौकट नायलॉनच्या पट्ट्याने ग्रीलला बांधावी. वाऱ्याने फळी खाली रस्त्यावर पडली तर जिवाशी गाठ आहे. इथे हयगय नको. चिकटपट्टीच्या भरवशावर मात्र राहू नये. चुना किंवा डिस्टेंपर भिंतीला सैल धरून असतो. पट्टी फळीसकट रंगाचा पापुद्रा घेऊन येते आणि ज्या नुकसानीला भ्यायलो तेच पदरी पडते.

ऊन, पाणी आणि वाळवी

तासगावची जी कोरडी हवा बेदाण्याला मानवते, तीच लाकडाला तडे पाडते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. म्हणून दोन फळ्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावी. भिंत आणि लाकूड यांत इंचभर हवा खेळू द्यावी, नाहीतर मागे बुरशी धरते. फळ्या जमिनीपासून इंचभर वर असाव्यात आणि पाणी जायची वाट मोकळी असावी. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. कापलेल्या टोकांना तेल किंवा वॉर्निश आधी लावावे. पाणी तिथूनच शिरते.

माल निवडताना जुन्या वाड्याचे सागवान मिळाले तर उत्तम. ते मुरलेले असते. प्लायवूड घ्यायचे झाल्यास आयएस ७१० छापाचे मरीन घ्यावे. मालवाहतुकीच्या पॅलेटचे लाकूड स्वस्त पडते, पण त्यावरचा शिक्का वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन शुद्ध केलेले. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसरे घरात आणू नये.

कारागिरांसाठी दोन शब्द

हे काम दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत करावे, म्हणजे अरुंद जिन्यातून वर जाते आणि घर बदलले की खाली येते. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक घालावा. गिऱ्हाइकाला सांगावे की हे अस्तर तुमचे आहे, पुढच्या घरी तुमच्याबरोबर येईल. तिथे ते बसवायला तो तुम्हालाच बोलावील. ठोकून केलेल्या कामाची मजुरी एकदाच मिळते. सुटे करता येणारे काम गिऱ्हाईक पुन्हा दारी आणते. तिजारतीत बरकत असते ती अशा परतून येणाऱ्या गिऱ्हाइकाची.